रक्ताचे पाट

मागल्या हंगामात ऊस तोडताना अण्णांच्या नडगीत कोयता बसला. दिवसाआड त्यांना सायकलवर घालून ड्रेसिंगला नेण्याचे काम माझ्याकडे आले. तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या तळाशी लाल, दाणेदार मांस दिसू लागले तेव्हा मी घाबरलो, पण सिस्टर म्हणाल्या, "बाबा, लाली आली. आता जखम भरेल." माझा विषय इतिहास. तरीही ही लाली कोठून आली, हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून ग्रंथालयात बसलो.

ती लाली म्हणजे नव्याने फुटलेल्या केशवाहिन्या. आमच्याकडे कोणत्या रानाला पाणी सोडायचे ते पाटकरी ठरवतो. शरीरात मात्र कोरडे पडलेले रानच पाटाला हाक मारते! पेशीत एच. आय. एफ. नावाचे एक प्रथिन सतत तयार होते आणि प्राणवायू पुरेसा असेल तर लगेच नष्टही होते. जखमेत वाहिन्या तुटून प्राणवायू कमी पडला की ते टिकून राहते आणि पेशीकडून व्ही. ई. जी. एफ. हे दुसरे प्रथिन बाहेर सोडवते. हीच ती हाक. ती पोचली की जवळच्या केशवाहिनीला कोंब फुटतो आणि हाकेच्या दिशेने वाढू लागतो. प्राणवायू पोचला की हाक थांबते, जास्तीच्या वाहिन्या विरून जातात. जुना वण फिकट दिसतो तो यामुळेच. हे प्राणवायूचे गणित उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी की, त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात एकही रक्तवाहिनी नसते. पण खालच्या थरातील वाहिन्यांना हाक मारण्यात त्याच्याच पेशी पुढे असतात. डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा नेमका उलट वागतो. तो व्ही. ई. जी. एफ. ला मध्येच पकडून ठेवतो. तेथे वाहिन्या शिरल्या तर आपल्याला दिसणार कसे?

कर्करोगाची गाठही हीच हाक मारून स्वतःकडे रक्त ओढते, असे जुडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले. पुष्कळांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढले. २००४ साली ही हाक अडवणारे औषध अमेरिकेत मान्य झाले.

अण्णांना मधुमेह आहे. रक्तात साखर वाढलेली राहिली की हाक क्षीण होते, हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. जखम भरायला अडीच महिने लागले. आता चहा बिनसाखरेचा होतो; अण्णा तो कुरकुरत पितात.