उजेडांत हरवलेली रेघ



शाळेंत पस्तीस वर्षें मीं फळ्यावर लिहिलें. खिडकींतून ऊन फळ्यावर आलें कीं कोपऱ्यांतल्या बांकावरचीं मुलें ओरडत, “गुरुजी, दिसत नाहीं!” खडू तोच, अक्षर तेंच, परंतु काळा फळाच चकाकूं लागला, तर पांढऱ्या अक्षराला उठाव कोठून येणार? आज ज्या यंत्राविषयीं बोलावयाचें आहे, त्याचीही अडचण हीच आहे.

विजेचा दाब क्षणोक्षणीं कसा बदलतो, तें रेघेच्या रूपानें दाखविणारें यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. त्याचें मूळ जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन यांनीं १८९७ सालीं तयार केलेल्या नळींत आहे. तींत किरणांचा झोत पडद्यावरील लेपाला उजळीत असे. हल्लींचें डिजिटल यंत्र दाब आंकड्यांत मोजतें व त्यांवरून एलसीडी पडद्यावर रेघ काढतें. तिला तेज मिळतें तें पडद्यामागील दिव्याचें.

आतां थोडा हिशेब करूं. रेघेचें तेज दर चौरस मीटरला ३०० कँडेला आहे आणि पडदा अंगावरील उजेडाचा शंभरावा भाग विखरून परत टाकतो, असें धरूं. खोलींत ५०० लक्स उजेड असला, तर परतणारें तेज दीड कँडेलाच्या आसपास भरतें. रेघ काळ्या भागाच्या शंभर पटींहून अधिक उजळ दिसते. भर उन्हांत उजेड १,००,००० लक्सपर्यंत जातो. मग परतणारें तेज ३०० च्याही वर चढतें, आणि रेघ काळ्या भागाच्या जेमतेम दुप्पट उजळ राहते.

ही झाली ठळक रेघेची गोष्ट. अनेक यंत्रांत वारंवार येणारी लहर ठळक, तर क्वचित् येणारी फिकट उमटते. उन्हांत प्रथम लोपते ती ही फिकट रेघ. आणि बिघाड बहुधा तिच्यांतच लपलेला असतो.

माझा एक माजी विद्यार्थी इन्व्हर्टर दुरुस्त करतो. दुपारीं उघड्या दारापाशीं यंत्र मांडून त्यानें “लहर स्वच्छ आहे” असा निर्वाळा दिला. दोन दिवसांनीं नवा बसविलेला ट्रान्झिस्टर पुन्हां जळाला. संध्याकाळीं तीच जोडणी पाहतां, मधूनच उसळणारें एक फिकट टोंक स्पष्ट दिसलें. यंत्रानें तें दुपारींही दाखविलें होतें. झांकलें होतें उजेडानें.

उपाय साधे आहेत. गुळगुळीत पडद्यांत खिडकीचें प्रतिबिंब दिसत असेल, तर पडदा किंचित् कलता करावा. उजेड पडद्यावर विखरत असेल, तर कलवून भागत नाहीं. सावलीच हवी, आणि त्यास पुठ्ठ्याची छपरी पुरते. उजेडांत पडद्याचा दिवा वाढवावा, अंधारांत कमी करावा; नाहीं तर सरावलेले डोळे दिपतात. उन्हाचे पोलराइज्ड चष्मेही काढून ठेवावेत. त्यांतून असे पडदे कधीं कधीं काळे दिसतात.

आणि “कांहीं नाहीं” असें म्हणण्यापूर्वीं एकवार हाताची सावली धरून पाहावें. फळ्यावरचें अक्षर दिसेना, तेव्हां आम्ही आधीं खिडकीच लावीत होतों.