गरम पाण्याचे झरे : न संपणारा ठेवा?

महाडजवळील सव, दापोलीकडील उन्हवरे किंवा वज्रेश्वरी येथील गरम पाण्याची कुंडे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. कोकणात आज एकही जागृत ज्वालामुखी नाही, मग हे पाणी तापते कसे? पावसाचे पाणी भेगांतून खोल झिरपते. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. पाऊस दरवर्षी पडतो, पृथ्वीच्या पोटातील उष्णताही प्रचंड. म्हणून हा साठा अक्षय मानला जातो. हे अर्धेच खरे आहे.

मी बँकेतला माणूस, मला हा हिशेब मुदत ठेवीसारखा वाटतो. व्याजावर भागवले तर मुद्दल टिकते. खडकातील उष्णता फार सावकाश भरून येते. विंधन विहिरींतून उपसा वाढला की आधी दाब घटतो, आणि पाणी वर ढकलतो तो दाबच.

न्यूझीलंडमधील वैराकेई येथे १९५८ साली भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. पुढील काही वर्षांतच जवळच्या गीझर व्हॅलीतील उष्ण फवारे बंद पडले. वीज मिळाली, पण फवारे गेले ते गेलेच.

रोटोरुआ शहरात घरे व हॉटेले गरम ठेवण्यासाठी शेकडो विहिरी खोदल्या गेल्या. लगतच्या वाकारेवारेवा गावात माओरी कुटुंबे पिढ्यानपिढ्या त्याच उष्णतेवर अन्न शिजवतात, त्याच पाण्यात स्नान करतात. म्हणजे उपसणारे एक आणि गमावणारे दुसरेच! १९७९ साली तेथील पापाकुरा फवारा थांबला. १९८६ साली सरकारने पोहुटू फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आतील विहिरी बंद करण्याचा आदेश काढला. विरोध झाला, पण भूगर्भातील पातळी चढू लागली. पापाकुरा मात्र २०१५ साली उसळला, तब्बल ३६ वर्षांनी.

कॅलिफोर्नियातील 'द गीझर्स' या क्षेत्रात १९८० च्या दशकाअखेरीस वाफ घटू लागली. तेथे १९९७ पासून शहरांचे शुद्ध केलेले सांडपाणी नळाने आणून जमिनीत सोडतात. घट त्यामुळे सावरली. परंतु पाणी परत घालता येते, उष्णता नाही.

आपल्याकडे कुंडाला सिमेंटचा कठडा बांधला की जतन झाले असे समजतात. त्यापेक्षा कुंडाशेजारी कोणी बोअर घेण्याआधी झऱ्याची नोंद हवी. विद्यार्थी मित्रांनो, थर्मामीटर, बादली आणि घड्याळ एवढ्यावर ती होते : पाण्याचे तापमान आणि बादली भरायला लागलेले सेकंद, दर महिन्याला एकाच जागी, तारखेसह वहीत.