सरासरीत दडलेले हाड

गणिताशी काडीमोड घेऊन वैद्यकाकडे वळलेल्या आम्हा मंडळींना ‘अवकलज’ हा शब्द नकोसाच वाटतो. मलाही वाटे. आत्याचा खुबा मोडला तेव्हा तो धडा मी पुन्हा उघडला.

एका टोकाकडून दुसऱ्याकडे अधिकाधिक जड होत जाणारी १० सेंटिमीटरची सळई घ्या. हलक्या टोकापासून मोजलेल्या भागाचे वस्तुमान, ग्रॅममध्ये, त्याच्या लांबीच्या वर्गाच्या तिप्पट आहे असे समजू. अख्खी सळई ३०० ग्रॅम. सरासरी दर सेंटिमीटरला ३०. पण दोन सेंटिमीटरवर घनता किती? तेथून पुढचा एक सेंटिमीटरचा तुकडा १५ ग्रॅम भरतो. दशांश सेंटिमीटरचा घेतला तर दर सेंटिमीटरला १२.३, शतांशाचा घेतला तर १२.०३. तुकडा लहान करीत जावे तसे उत्तर १२ कडे सरकते. हाच अवकलज. जड टोकाशी तो ६० होतो. सरासरीचे ३० नेमक्या मध्यावर तेवढे खरे.

हाडाला बाहेर घट्ट कवच आणि आत जाळी. डेक्सा तपासणीत खनिजाच्या ग्रॅमना हाडाच्या छायेच्या क्षेत्रफळाने भागतात. जाडी हिशेबात येतच नाही. म्हणून लहान चणीच्या बाईचे हाड उगाच विरळ भासते. उलट, उतारवयात मणक्यांवर वाढलेली हाडाची टोके आणि महाधमनीत साचलेले कॅल्शियमही त्याच छायेत मोजले जाऊन कण्याचा आकडा फुगतो.

आत्याच्या कण्याचा टी-स्कोअर उणे ०.८ होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखलेली अस्थिविरळतेची रेषा उणे २.५. ‘हाडे उत्तम आहेत,’ असे फोनवर सांगून मी मोकळा झालो. खुब्याचा आकडा त्याच कागदावर खाली होता, उणे २.९. मी तो वाचला नाही. आठ महिन्यांनी न्हाणीघरात तिचा पाय घसरला.

सी.टी. स्कॅन लहान लहान घनांत मोजतो. पाण्याला ०, हवेला उणे १०००. तरी त्याच्या एका घनातही हाडाची जाळी आणि मज्जा एकत्र येतात. घन आणखी बारीक केला तर एकतर हाड सापडेल, नाहीतर मज्जा. सळईसारखे स्थिरावणारे उत्तर तेथे मिळत नाही.

आत्या आता वॉकर घेऊन चालते. तिने एकदाच विचारले, “उत्तम म्हणालास, ती कुठली हाडे रे?”