झील धरणारे

मोहोळसारख्या, पंढरीच्या वाटेवरच्या गावात एकादशीचं भजन ज्यानं ऐकलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको. बुवा ओळ टाकतात, मागचे टाळकरी ती उचलतात, आणि मृदंगाचा हात भरू लागला की पुढचं कोण नि मागचं कोण हे कळेनासं होतं. मागून येणाऱ्या या आवाजाला आपण झील म्हणतो. ‘मिस्सा लुबा’ची, म्हणजे काँगोतल्या लुबा लोकांच्या ढंगात गायलेल्या कॅथलिक उपासनेची, तबकडी पहिल्यांदा ऐकली तेव्हा शब्द समजले नाहीत, झील मात्र लगेच ओळखली.

ही मिस्सा 1958 च्या मार्चमध्ये बेल्जियन काँगोतल्या कामिना इथल्या मिशनमध्ये प्रथम गायली गेली. फादर गिडो हाझेन या बेल्जियन फ्रान्सिस्कन पाद्र्यानं तिथल्या शाळेतली मुलं आणि शिक्षक जमवून गायकवृंद उभा केला होता. प्रार्थना लॅटिनमधलीच. पण ‘किरिये’ला, म्हणजे दया मागणाऱ्या प्रार्थनेला, लुबा लोकांच्या मर्तिकाच्या गाण्याची, कसालाची, धाटणी आली आणि ‘होसान्ना’खाली कसाई प्रांताकडच्या नाचाचा ठेका वाजू लागला. साथीला ऑर्गन नाही, फक्त तालवाद्यं. बरंचसं गाणं तालमीत, गाता गाताच घडलं. त्याच वर्षी हा वृंद युरोपात गायला.

व्हॅटिकनच्या धर्मसभेनं 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि मिशनमुलखांतल्या संगीतपरंपरांना मान द्यावा असं म्हटलं. कामिनाची मुलं त्याच्या पाच वर्षं आधी गात होती. शब्दाला हात लावायची मुभा नव्हती, म्हणून त्यांनी चाल आपली केली.

आपल्याकडे हेच उलट्या बाजूनं घडलं, तेही साडेतीनशे वर्षं आधी. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्याला आला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं; जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठी भाषा, रोमन लिपी. गावोगावचे ख्रिस्ती लोक ते चर्चमध्ये गात, ऐकत. पण मिस्सा संपल्यावर! वेदीपाशी लॅटिन आणि ओवी तिच्यानंतर, अशी ती वाटणी होती. स्टीफन्सनं शब्द आणि छंद दोन्ही आपले दिले, तरी ओवीला मिस्सेच्या आत जागा मिळाली नाही.

नगरकडे प्रॉटेस्टंट मंडळींत ही अडचण नव्हती. तिथे ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं, कृष्णराव सांगळे यांचं नाव त्यात आदरानं घेतलं जातं. मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं अभंग आणि भजन ख्रिस्ती उपासनेत असं रुजवलं, की टाळ-मृदंग तिथे पाहुणे राहिले नाहीत. टिळकांची थोरवी मला इथे दिसते. इंग्रजी स्तोत्रांचे मराठी अनुवाद तेव्हाही होतेच. पण परक्या चालीवर मराठी शब्द बसवले की आघात भलत्याच अक्षरावर पडतो आणि माणसं पुस्तकात डोकं घालून गातात. अभंगाला पुस्तक लागत नाही. ध्रुपद दोनदा कानावर पडलं की निरक्षर बाईही झील धरते.

कॅथलिक चर्चनं भारतासाठी 1969 मध्ये उपासनेतले बारा बदल मान्य केले. पंचांगप्रणाम आणि आरती त्यात आली. काँगोला तर 1988 मध्ये स्वतःचा उपासनाविधीच मिळाला. आज मराठी मिस्सेत पेटी-तबला नवा नाही. तरी माझं मत असं, की चाल एखाद्या रागात बांधली म्हणून काम होत नाही. वृंद गातो आणि बाकीचे ऐकत बसतात, तिथे चाल देशी असूनही गाणं परकंच राहतं. ‘किरिये’ ही मुळात हाक आणि जाब आहे: एकानं दया मागायची, सगळ्यांनी तीच मागणी उचलायची. भजनी मंडळाला हे शिकवावं लागत नाही.

‘मिस्सा लुबा’चं एक शल्य मात्र उरतं. नाव झालं ते हाझेन यांचं. प्रमुख गायक जोआकिम न्गोई आणि ज्यांच्या गळ्यातून ती मिस्सा घडली ती मुलं मागेच राहिली. आपल्याकडे तरी असं होऊ नये. येत्या नाताळात नगर-सोलापूरकडच्या एखाद्या चर्चमध्ये भजन ऐकलंत, तर ते मोबाइलवर टिपून ठेवा; आणि पुढं म्हणणाऱ्याबरोबर झील धरणाऱ्यांचीही नावं, त्यांना विचारून, लिहून ठेवा.