सन्नतीची शिळा : युद्ध पवित्र असतं का?

आमचं मूळ गाव मुडबी, बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरचं. आपल्यापैकी अनेक घरांतली माणसं चंद्रलांबेच्या दर्शनाला सन्नतीला जातात. पंढरपूरची भीमाच पुढे तिथून वाहते. पण तिथे देवीखेरीज आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट सापडली आहे, हे आपल्या पिढीतल्या फार जणांना माहीत नसतं.

१९८६ मध्ये तिथल्या काली मंदिराचं छत कोसळलं. तेव्हा मूर्तीखालची शिळा उघडी पडली आणि तिच्यावर ब्राह्मी लिपीतला सम्राट अशोकाचा लेख निघाला. पुढे जवळच्या कनगनहळ्ळीच्या उत्खननात अशोकाचं शिल्पही मिळालं, खाली नाव कोरलेलं : ‘रायो असोको’.

कलिंग युद्धात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख हद्दपार झाली, असं अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात स्वतःच लिहून ठेवलं. जिंकलेल्या राजाने विजयाबद्दल दुःख कोरून ठेवावं, ही जगाच्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट. सन्नतीच्या शिळेवर मात्र तेरावा लेख नाही; बाराव्यानंतर थेट चौदावा येतो. शिवाय दोन वेगळे लेख आहेत, जे कलिंगातल्या धौली आणि जौगड इथेही आहेत. त्यांचा आशय असा : सगळी माणसं माझी लेकरं आहेत, सीमेपलीकडच्या, न जिंकलेल्या लोकांनी मला भिऊ नये. सीमाभागातल्या आपल्याला हे वाचताना विशेष वाटतं.

तरी अशोकाने कलिंग परत दिलं नाही, सैन्यही मोडलं नाही. मग बौद्ध विचार युद्धाला चालवून घेतो का?

पाली ग्रंथांत एक प्रसंग आहे. एक योद्धा बुद्धांना विचारतो, रणात मेलेला वीर स्वर्गात जातो म्हणतात, हे खरं का? बुद्ध दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात, मारण्याच्या विचाराने भरलेलं मन स्वर्गात नेत नाही. योद्धा रडू लागतो, कारण आजवर त्याला उलटंच शिकवलेलं असतं.

माझा मामेभाऊ सैन्यात आहे, त्यामुळे हे उत्तर मला सहज पचत नाही. पण विनयपिटकात दुसरी बाजूही दिसते. बिंबिसार राजाचे शिपाई भिक्खू होऊ लागले, तेव्हा राजाच्या सांगण्यावरून बुद्धांनी चाकरीतल्या शिपायांना दीक्षा देणं थांबवलं. सैन्य बरखास्त कर, असं ते राजाला म्हणाले नाहीत.

मला यातून एवढं कळतं. देशाला सैनिक लागतो, त्याच्या कष्टांचा मान राखायलाच हवा. पण मारण्याला ‘पवित्र’ हा शब्द बुद्धांनी लावू दिला नाही. पावित्र्य त्यांनी जन्मात किंवा विजयात पाहिलं नाही, माणसाच्या मनात आणि वागण्यात पाहिलं. युद्ध एकदा पवित्र ठरलं, की मेलेल्यांची मोजदाद करायची गरज कोणालाच वाटत नाही. अशोकाने ती केली.

पुढच्या वेळी दर्शनाला गेलात, तर मुलांना ही गोष्ट सांगा आणि कनगनहळ्ळीलाही घेऊन जा.