तान्ह्या बाळाला शी होत नाही: पानाचा देठ लावायचा की दवाखाना गाठायचा?

बाळ दोन महिन्यांचं आहे. अंगावर नीट पितं, हसतं, झोपतं. पण तीन दिवस झाले, शीच नाही. मधूनच चेहरा लालबुंद होतो, पाय पोटाशी येतात, कुंथणं आणि रडणं चालू राहतं. आई घाबरते. आजी म्हणते, "विड्याचं पान आणा." पानाचा देठ एरंडेल तेलात बुडवून बाळाच्या गुदद्वाराशी फिरवला जातो आणि दोन मिनिटांत काम फत्ते.

उरण-पनवेल रस्त्यावरचं जासई असो, पनवेलमधली एखादी सोसायटी असो की थेट विदर्भातलं गाव, हे दृश्य मराठी घरांना नवं नाही. डॉक्टर मात्र देठाला नको म्हणतात. का? बहुतेक बाळांना त्याची गरजच नसते, हे एक कारण. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ज्या मोजक्या बाळांना आतड्याचा खरा आजार असतो, त्यांच्यातही देठ लावल्यावर शी होते. घरच्यांना वाटतं उपाय लागू पडला, आणि आजार लपून राहतो.

पहिली शी कधी झाली?

जन्मानंतरची पहिली शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. पोटात असताना बाळाने गिळलेलं गर्भजल, आतड्याच्या पेशी आणि पित्त यांची ती बनलेली असते. पूर्ण दिवसांच्या ९० टक्क्यांहून जास्त बाळांना ती पहिल्या २४ तासांत होते आणि ४८ तासांत जवळपास सगळ्यांना. आईचा चीक बाळाला लगेच पाजायला सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे. चीक सौम्य रेचकासारखं काम करतो. तो पिळून टाकून देण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. तिने बाळाचं दुहेरी नुकसान होतं.

४८ तास उलटूनही ही शी झाली नसेल, तर घरगुती उपायांची वेळ संपली असं समजा. बाळाला डॉक्टरांनी तपासायलाच हवं.

अशा वेळी डॉक्टरांच्या मनात येणारा एक आजार म्हणजे हिर्शस्प्रुंग. १८८६ साली डेन्मार्कचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी अशा दोन बाळांची माहिती बर्लिनमध्ये मांडली, म्हणून हे नाव. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला तो असतो, मुलग्यांमध्ये जास्त. गर्भात आतड्याच्या मज्जापेशी वरून खाली सरकत जातात. काही बाळांमध्ये त्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतच नाहीत. तेवढा भाग मग सैल पडत नाही, आकसलेलाच राहतो, आणि त्याच्या मागे शी व गॅस साठून पोट फुगतं.

आता देठाकडे परत येऊ. आकसलेल्या भागात बोट, देठ किंवा थर्मामीटर गेला की अडकलेली शी आणि गॅस जोरात बाहेर येतो. पोट उतरतं, बाळ शांत होतं. तीन-चार दिवसांनी पुन्हा तेच. असं महिनोन्‌महिने चालू राहू शकतं. मध्येच आतड्याला जंतुसंसर्ग झाला तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. वेळेत निदान झालं तर आतड्याचा छोटा तुकडा तपासून खात्री करतात आणि शस्त्रक्रियेने मज्जापेशी नसलेला भाग काढतात. बहुतेक मुलं त्यानंतर वाढतात, शाळेत जातात.

गुदद्वार जागेवर नसणं किंवा बंद असणं हा जन्मदोषही साधारण तितकाच आढळतो. जन्मानंतरच्या तपासणीत तो सापडायला हवा. पण काही मुलींमध्ये योनीजवळच्या छोट्या छिद्रातून शी येत राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आंघोळ घालणाऱ्या बाईंना काही वेगळं दिसलं, तर त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. जन्मतः थायरॉईड कमी असेल तरीही बाळ सुस्त राहतं आणि त्याला बद्धकोष्ठ होतं. त्याचं निदान रक्ताच्या चाचणीने होतं. गोळी लवकर सुरू केली तर बुद्धीवर होणारा परिणाम टळतो.

कुंथणं म्हणजे बद्धकोष्ठ नव्हे

पहिल्या दोन दिवसांत शी नीट झालेली असेल, तर पुढचं चित्र बरंच निवांत आहे. शी बाहेर टाकायला दोन गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात: पोटाने जोर द्यायचा आणि खालचा स्नायू सैल सोडायचा. तान्ह्या बाळाला हा मेळ जमत नाही. ते जोर लावतं आणि खालचं दारही आवळून धरतं. म्हणून दहा मिनिटं रडारड होते आणि शेवटी शी मऊच निघते. हे बद्धकोष्ठ नाही. काही आठवड्यांत बाळ आपोआप शिकतं. दरवेळी देठ किंवा साबणाची कांडी लावली तर मात्र ते शिकणं लांबतं, शिवाय साबणाने आतली नाजूक त्वचा चुरचुरते ती वेगळीच.

मग किती दिवस थांबायचं? इथे वय महत्त्वाचं. पहिल्या महिन्या-सव्वा महिन्यात अंगावर पिणारं बाळ बहुधा दिवसातून तीन-चार वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा शी करतं. त्या काळात शी फारच कमी होत असेल तर दूध पुरेसं जातंय का, हे आधी बघावं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा शू आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघणं, या त्याच्या खुणा. दीड महिन्यानंतर तेच बाळ चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही शी करत नाही, आणि तरी ठणठणीत असतं. पोट मऊ, वजन वाढतंय, शी मऊ होतेय, तर काहीच करायचं नाही.

खरं बद्धकोष्ठ म्हणजे लेंड्यांसारखी कडक शी. ती बहुतेकदा वरचं दूध पिणाऱ्या बाळांना होते. पावडर जास्त आणि पाणी कमी, हे त्याचं नेहमीचं कारण. डब्यातल्याच चमच्याने, डब्यावर लिहिलेल्या मापाने दूध करा. आपल्या मनाने त्यात पाणी वाढवणंही धोक्याचंच.

पायांची सायकल, अंघोळीच्या वेळी कोमट पाणी, पिऊन थोडा वेळ झाल्यावर पोटावर हलक्या हाताने गोल मालीश, हे करायला हरकत नाही. हिंगाचा लेप मात्र नाळ पडेपर्यंत बेंबीजवळ नको.

मधाची उलटी गंमत

जन्मल्यावर मध चाटवणं ही जुनी चाल, आणि "पोट साफ होतं" हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू लागतात. या आजाराचं पहिलं लक्षण अनेकदा कोणतं असतं? बद्धकोष्ठ. शुद्ध असो की घरचा, एक वर्षापर्यंत मध नाही.

बाळगुटीतला हिरडा रेचक आहे हे खरं. पण सहाणेवर किती वेढे उगाळले यावर डोस ठरतो, आणि सहाण व पाणी किती स्वच्छ हा प्रश्न उरतोच. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको, हा सल्ला गुटीलाही लागू आहे.

जासईतून कुठे जायचं?

आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. या भेटींचं मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले आणि २०११ पासून देशभर आशांमार्फत हे काम सुरू झालं. बाळाच्या पोटाबद्दलची शंका विचारायची ही हक्काची जागा आहे.

हिरवी उलटी, ताणलेलं टणक पोट, शीतून रक्त, पांढुरकी मातकट शी, दूध ओढणं बंद होणं, बाळ मलूल पडणं किंवा ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, यांपैकी काहीही दिसलं तर आशाताईंच्या पुढच्या भेटीची वाट बघू नका. हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, तिथे तास मोजले जातात. जासईहून उरणचं ग्रामीण रुग्णालय आणि पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. लहान बाळाच्या शस्त्रक्रियेसाठी पुढे परळच्या वाडिया रुग्णालयात पाठवलं, तर १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू जासईजवळूनच शिवडीला नेतो. १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते. आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि वाहतूक मोफत आहे.

निघताना बाळाला आईच्या छातीशी उबेत धरा. शीचा किंवा उलटीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, रंग सांगून कळत नाही. डॉक्टर पहिली शी किती तासांनी झाली हे विचारतीलच. म्हणून प्रसूतीनंतर घरी सोडतानाच ती वेळ माता-बाल कार्डावर लिहून घ्या.