बंधाऱ्यामागची नदी

आमच्या गावच्या नदीवर बंधारा झाला तेव्हा मी सातवीत होतो. नदी म्हणतो ती आम्ही; नकाशावर ती मुरबाड तालुक्यातून काळूकडे जाणारी एक बारीक निळी रेघ आहे. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. त्याच हिवाळ्यात वडिलांनी भाताच्या खाचरात पहिल्यांदा भेंडी लावली. त्या भेंडीच्या पैशावर मी आज महाविद्यालयात शिकतो आहे. तेव्हा बंधाऱ्याला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. पण भूगोल विषय घेतल्यापासून मी त्या पात्राकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो, आणि जे ध्यानात आले ते वाचकांपुढे मांडावेसे वाटले.

शहापूर आणि मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. आमच्या नद्या काही किलोमीटरांत शेकडो मीटर खाली उतरतात. पाऊस उदंड, पण तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. फाल्गुन-चैत्रात पात्रात उरतात ते फक्त डोह. शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी देणारे तानसा धरण 1892 पासून उभे आहे, भातसाही तेथेच आहे. आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. अशा मुलखात लोकांनी लहान बंधारा मागावा, यात नवल ते काय?

आता बंधारा नदीला काय करतो ते पाहू. मोकळी वाहणारी नदी आपले पात्र एकसारखे ठेवत नाही. डोह, मग गोट्यांवरून खळाळणारा उथळ भाग, पुन्हा डोह, अशी तिची रचना असते. अभ्यासकांना असे आढळले आहे की, एका डोहापासून पुढच्या डोहापर्यंतचे अंतर साधारणपणे पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट असते. म्हणजे पात्र 10 मीटर रुंद असेल तर दर 50 ते 70 मीटरांना एक डोह यावा.

समजा, अशा पात्रात दीड मीटर उंचीचा बंधारा घातला आणि नदीचा उतार 500 मीटरला एक मीटर आहे. मग पाण्याचा फुगवटा वरच्या अंगाला सुमारे 750 मीटर जाईल. तेवढ्या लांबीतले दहा ते पंधरा डोह आणि त्यांच्यामधले खळाळ एकाच संथ पाण्याखाली जातील. उंची मामुली दिसते, पण बदल पाऊण किलोमीटरचा होतो. एकापाठोपाठ तीन बंधारे घातले, तर नदी न राहता लांबट तळ्यांची एक माळ होते.

पाणी संथ झाले की त्याची वाहून नेण्याची ताकद घटते. फुगवट्याच्या तोंडाशी आधी गोटे बसतात, मग वाळू आणि बंधाऱ्याजवळ बारीक गाळ. आमच्या बंधाऱ्यामागे पूर्वी पोरे उड्या मारीत, आता तेथे गुडघाभर पाण्याखाली चिखल लागतो. साठा तर कमी झालाच, शिवाय चिखलाच्या थराने तळ लिंपला गेला की पाणी जमिनीत मुरणेही मंदावते. आपला खडक काळा पाषाण. पाणी मुरते ते मुरमातून आणि भेगांतून. त्याच बुजल्या तर शेजारच्या विहिरीला लाभ तो किती होणार?

खालच्या अंगाला उलटे घडते. ओझे वर उतरवून आलेले पाणी भिंतीवरून आदळते आणि समोरचा तळ उकरते. तळाला कातळ असेल तर निभावते; गोटे-मातीचा असेल तर खड्डा पडतो आणि पाया उघडा होतो. भिंतीची टोके काठात पुरेशी खोल नेलेली नसतील, तर पुराचे पाणी बगल देऊन काठ कापते. आमच्या शेजाऱ्यांच्या बांधाचा एक तुकडा असाच गेला.

या सगळ्याचा फटका नदीकाठच्या कातकरी वाडीला बसला. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. त्याला आपल्याकडे वलगण म्हणतात. भिंत मध्ये आली की मासे तिच्या पायथ्याशी अडतात. पहिल्या वर्षी तेथे टोपल्या भरून मासे मिळाले आणि सगळे खूश झाले. पुढे वरच्या डोहांत मासा दिसेनासा झाला. पिल्ले वाढणार ती जागाच तुटली होती.

यावर उपाय आपल्याच राज्यात आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांब कायम असतात आणि खोबणीतल्या फळ्या काढता-घालता येतात. पावसाळा सरता फळ्या घालायच्या, पावसाआधी काढायच्या. मग पूर, गाळ आणि मासे आपल्या वाटेने जातात. पोत्यांत माती-वाळू भरून केलेला वनराई बंधाराही पुराबरोबर मोकळा होतो. पण फळ्या काढायला कोणी गेलेच नाही, तर हाही बंधारा भिंतच ठरतो. आमच्याकडे नेमके हेच झाले. पहिली दोन वर्षे फळ्या निघाल्या, मग ते काम कोणाचे यावर वाद झाला आणि त्या गाळात रुतल्या.

आता वाडीच्या खालच्या डोहावर दुसरा बंधारा घालण्याची बोलणी चालू आहेत. वडिलांना तो हवा आहे, आणखी अर्धा एकर भिजेल. वाडीतल्या लोकांना नको आहे, कारण चैत्रात प्यायला आणि मासळीला तोच एक डोह उरतो. घरी या विषयावर माझे वडिलांशी दोनदा वाजले.

मी ग्रामसभेत एवढेच मांडणार आहे : आधी जुन्या बंधाऱ्यातला गाळ काढून शेतात टाकू. फळ्या मेअखेर कोणी काढायच्या, ती नावे ठरवून भिंतीवर लिहू. त्याने किती पाणी वाढते ते एक वर्ष पाहू आणि मगच नव्याचा विचार करू. तोवर वाडीचा डोह जसा आहे तसा राहू द्यावा. वडील म्हणाले, "सभेत बोल, पण फळ्या काढायला पहिला तू ये." मी हो म्हटले आहे.